दोन कोरे कागद

१

मतमोजणीच्या दिवशी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी यज्ञेश्वर दाबके यांचं नाक साऱ्या महाराष्ट्रासमोर कापलं गेलं, आणि तेही साध्या कात्रीने.

कात्री गंधारच्या हातात होती. गंधार म्हणजे एका वृत्तवाहिनीचा पुण्यातला तरुण निवेदक. त्याने कॅमेऱ्यासमोर रजिस्टर पोस्टाचं लांबट पाकीट धरलं, त्यावरचा मतदानाआधीच्या तारखेचा शिक्का दाखवला आणि म्हणाला, "प्रेक्षकहो, दाबके सरांचा सीलबंद अंदाज! पालिकेत सत्ताधाऱ्यांना किती जागा मिळणार, हे सरांनी बारा दिवसांपूर्वीच लिहून स्वतःच्या पत्त्यावर टपालात टाकलं होतं." मग त्याने पाकिटाची आखूड कड कापली, दोन बोटं आत घातली, कागद बाहेर काढला, उलगडला, उलटला. त्याचं हसू तिथंच थिजलं. कागद कोरा होता. त्याच्या घडीत आणखी एक कागद होता. तोही कोरा.

"सर, यातून तुम्हाला काही सुचवायचंय का?"

दाबक्यांनी तोंड उघडलं. सात वर्षं टीव्हीवर न अडखळता बोलणाऱ्या माणसाने ते तसंच मिटलं आणि पाकीट आपल्याकडे ओढून घेतलं.

कोथरूडच्या एका सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर, रंगनाथराव पानसे हे सगळं एकट्याने बघत होते. ताटातला भात गार झाला होता. रंगनाथरावांनी पोस्टात अडतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ पोस्टमास्तर म्हणून. पत्नी हेमाताई चार वर्षांपूर्वी गेल्या. मुलगा अभिनव बंगळूरला सॉफ्टवेअरमध्ये. रविवारी सकाळी त्याचा फोन येई, चार मिनिटांचा. आयुष्यभर लोकांची पत्रं पोचवलेल्या या माणसाला आता टपाल म्हणून येई ते विजेचं बिल.

त्यांच्या दारावरची घंटा दिवसातून एकदाच वाजे. संध्याकाळी पाचला. समोरच्या दारातले दाबके चहाला येत. तेही एकटेच. लग्न केलं नव्हतं. राजकारणातून सवड मिळाली नाही, असं सांगत. टीव्हीवर धो धो बोलणारा हा माणूस इथं मात्र कप हातात घेऊन गप्प बसे. "बोलण्याचे मला पैसे मिळतात, रंगनाथराव. इथं फुकटात गप्प बसू द्या," असं ते एकदा म्हणाले होते. रंगनाथरावांना ते गप्प बसणं फार आवडे. घरात दुसरं माणूस असल्यासारखं वाटे.

त्या दिवशीही पाचला घंटा वाजली. दारात दाबके उभे होते. हातात तेच कापलेलं पाकीट.

"रंगनाथराव," ते म्हणाले, "चहा नको. चोर शोधून द्या."

२

"चोर कोण ते मला ठाऊक आहे," खुर्चीत बसता बसता दाबक्यांनी सांगून टाकलं. "स्पृहा. मला फक्त पुरावा हवाय."

स्पृहा ढवळे ही त्यांची मदतनीस. अकोल्याची मुलगी, हिंजवडीच्या कंपनीत नोकरी. शनिवार-रविवारी येऊन वॉर्डावॉर्डाची आकडेमोड करून देई. तिचं नाव आजवर कुठं आलं नव्हतं.

"महिन्यापूर्वी भांडली माझ्याशी. पडद्यावर नाव हवं म्हणे. माझ्या घरी येणारी ती एकटी, कपाटाची किल्ली कुठं असते ते जाणणारी ती एकटी. आतला अंदाज काढून कोरे कागद कोंबले. सोमवारी संध्याकाळी सातला वाहिनीने मला खुलासा करायला बोलावलंय. त्यात मी तिचं नाव घेणार."

"आणि नाही घेतलं तर?"

"तर मी संपलो."

ते खरंच होतं. कसब्यात आप्पासाहेब नावाच्या पुढाऱ्याच्या बैठकीत मतदारयाद्या रंगीत पेन्सिलींनी रंगवण्यापासून दाबक्यांची सुरुवात. मग संगणक आले आणि याद्या रंगवणारा 'निवडणूक सल्लागार' झाला. मग वाहिन्या आल्या आणि सल्लागार 'राजकीय विश्लेषक' झाला. आधी माणसं त्यांच्या दारी यायची, नंतर नुसते फोन यायला लागले, आणि आता त्यांच्याकडे रोखून बघणारा एक कॅमेरा तेवढा उरला होता. तोही गेला तर काय उरणार होतं, ते रंगनाथरावांना सांगायची गरज नव्हती. ते स्वतः त्यातच राहत होते.

"सोमवारपर्यंत थांबा," ते म्हणाले. "पाकीट ठेवून जा."

आपली कुणाला तरी गरज लागली याचा त्यांना आनंद झाला, हे कबूल करायला हवं. दाबके गेल्यावर त्यांनी भिंग काढलं आणि खिडकीशी बसले. पत्ता दाबक्यांच्याच अक्षरात. सोबतच्या पावतीवरचा आणि पाकिटावरचा रजिस्टरचा नंबर एकच. गंधारने कड कापल्यामुळे झाकण जसंच्या तसं होतं. त्यावरची लाख अखंड, दाबक्यांच्या अंगठीचा ठसा स्पष्ट. मागचा पोचल्याचा शिक्का अर्धा झाकणावर, अर्धा पाकिटावर उमटला होता. वाफ देऊन झाकण उघडलं की ते परत चिकटवताना शिक्क्याचं वर्तुळ केसभर तरी सरकतं. अशी पाकिटं रंगनाथरावांनी नोकरीत तीनदा पकडली होती. इथं वर्तुळ जुळत होतं, रेषेला रेष.

हे पाकीट कात्री लागेपर्यंत कुणी उघडलेलंच नव्हतं. मग कपाटाच्या किल्लीला अर्थ काय? कोरे कागद टपालात पडले तेव्हाच आत होते.

आणि पाकीट बंद केलं होतं स्वतः दाबक्यांनी.

३

शुक्रवारी रंगनाथराव दोन बस बदलून हिंजवडीला पोचले. काचेच्या इमारतीच्या फाटकावर रखवालदाराने त्यांच्याकडून वहीत नाव, वेळ, काम आणि सही घेतली. 'काम' या रकान्यात त्यांनी 'टपाल' असं लिहिलं. खोटं नव्हतं ते अगदीच.

स्पृहा गळ्यातलं आयकार्ड खिशात कोंबत धावत बाहेर आली. डोळे सुजलेले होते.

"काका, सरांनी पाठवलं तुम्हाला?"

"मी माझ्या पायांनी आलोय. पाकिटात तू काही केलंस?"

"मी कशाला करू? भांडले मी, खरं आहे. चार वर्षं सगळा डेटा मी क्लीन करते, निदान खाली बारीक अक्षरात नाव द्या म्हटलं. पण अंदाज मी कधी बघितलासुद्धा नाही. पाकीट भरताना सर दार लावून घेतात, मला बाहेर काढतात."

"सोमवारी ते तुझं नाव घेणार आहेत."

ती कट्ट्यावर खालीच बसली. "बाहेरचं काम केलेलं इथं चालत नाही, काका. टीव्हीवर नाव आलं तर मंगळवारी मला गेटच्या आत घेणार नाहीत. घरी कमावणारी मी एकटीच आहे. आणि वर चोर म्हणून नाव. कोण उभं करणार मला?" मग नाक पुसून म्हणाली, "एवढी वर्षं नाव पाहिजे होतं ना मला. आता येणार आहे बघा."

रंगनाथरावांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली.

"आठवून सांग. पाकीट भरण्याबद्दल आणखी काही?"

"काही नाही. म्हणजे, एक ट्रिक आहे त्यांची. उजेडाला धरून कुणी आतलं वाचू नये म्हणून अंदाजाभोवती एक कोरा कागद गुंडाळतात. माझ्या प्रिंटरमधलेच कागद नेतात."

परतीच्या बसमध्ये रंगनाथरावांना खिडकीची जागा मिळाली. पण वाकडची उसाची शेतं जाऊन उभे राहिलेले मनोरे आज त्यांना दिसले नाहीत. अंदाजाचा एक कागद, गुंडाळायला एक कोरा. कुणी अंदाज काढून घेतला असता तर आत एकच कोरा उरता. चोर दुसरा कोरा कागद घालून कागदांची संख्या कशाला भरून काढील? दोन कोरे कागद ही चोराची करणी नव्हती. ही पाकीट भरणाऱ्याची चूक होती.

अशा चुका रंगनाथरावांच्या ओळखीच्या होत्या. पोस्टात नव्या माणसाला पहिला धडा हाच देत: एका पिशवीत पत्र कमी निघालं तर बोंब मारू नकोस, आधी दुसरी पिशवी बघ, तिच्यात एक जास्त निघेल. हात चुकतो तो नेहमी दोन्हीकडे चुकतो.

पण दाबक्यांकडे पिशवी एकच होती. होती ना?

४

शनिवारी सकाळी ते वाहिनीच्या कार्यालयात गेले. गंधार वैतागलेला होता. संशय आपल्यावर येणार हे त्याने ओळखलं होतं, म्हणून विचारायच्या आतच त्याने चित्रण लावलं. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, दोन्ही हात सतत कॅमेऱ्यात. हातचलाखीला जागाच नव्हती.

"आमच्या कार्यक्रमाचीही शोभा झाली, काका. आणि सरांना मी दर वेळी सांगतो, सकाळी आठला या, सुरुवातीपासून पाकीट टेबलावर ठेवू, लोकांना मजा येईल. पण सर अकराच्या आत घर सोडत नाहीत. 'पाकीट काय पळून जातंय?' म्हणतात."

"आणि अकरापर्यंत काय होतं?"

"काही नाही. साधारण चित्र स्पष्ट झालेलं असतं."

हे वाक्य बोलून गंधार पुढच्या बातमीकडे वळला. आपण काय बोललो, ते त्याला कळलंही नाही. रंगनाथरावांना कळलं, आणि कळलं नसतं तर बरं, असं वाटलं.

तिथून ते कसब्यात गेले. आप्पासाहेब आता ऐंशीचे, राजकारणातून बाजूला झालेले पुढारी; गणपतीच्या देवळाजवळच्या माडीवर पेपर वाचत होते. दाबक्यांवर सूड उगवण्याचं कारण असलंच तर त्यांना होतं, असं लोक म्हणत.

"सूड?" आप्पासाहेब हसले. "अहो, मीच त्याला हाकलला. मी पडणार असं तोंडावर सांगितलं त्याने. मी चपला दाखवल्या. पडलोच. तेव्हा खरं बोलायचा तो." पेपरची घडी करून ते म्हणाले, "पुढच्या निवडणुकीला त्याचं पहिलं सीलबंद पाकीट निघालं. ते माझ्याकडेच आणून ठेवलं होतं, पंधरा दिवस. एकच पाकीट. आणि बरोबर निघालं. तिथंच घात झाला बघा. लोकांना दर वेळी बरोबरच पाहिजे झालं."

दुपारी घरी येताना जिन्यात दाबके भेटले. उन्हातून कुठून तरी परतत होते, कपाळावर घाम. नजर चुकवून आत गेले. त्या दिवशी पाचला घंटा वाजली नाही. सहा वर्षांत पहिल्यांदाच.

रंगनाथरावांनी एकट्यासाठी चहा केला आणि पाकीट पुन्हा पुढ्यात घेतलं. तारखा, शिक्के, लाख सगळं तपासलं होतं. तिकिटं तेवढी राहिली होती. पोस्टमास्तराने तिकिटांकडे बघू नये, म्हणजे वाण्याने तराजूकडे बघू नये असंच झालं. दोन तिकिटांत काम झालं असतं, तिथं बारक्या किमतीची सात तिकिटं एका रांगेत लावली होती. त्यातलं तिसरं उलटं होतं.

दाबके पायातल्या चपलासुद्धा रेषेत काढून ठेवणारा माणूस. त्यांच्या हातून तिकीट उलटं लागत नाही. ती खूण होती. आणि एकुलत्या एका पाकिटाला खूण कुणी करत नाही.

५

रविवारी सकाळी जयसिंग पोस्टमनला त्यांनी मंडईबाहेर गाठलं. एके काळी तो रंगनाथरावांच्या हाताखाली होता. अजूनही त्यांना बघून सायकलवरून उतरे.

"जयसिंग, मतदानाच्या आधी दाबकेसाहेबांना एका दिवशी किती रजिस्टर दिलीस?"

"सात, साहेब. दर निवडणुकीला सातच असतात. सगळी त्यांच्याच अक्षरातली. सह्या करून करून त्यांचा हात दुखतो." मग तो बावरला. "का हो? काही चुकलं का माझं?"

"तुझं काही चुकलं नाही," रंगनाथराव म्हणाले.

अभिनवचा फोन येऊन गेला. चार मिनिटं. "बाबा, आवाज असा का?" त्याने विचारलं, आणि "काही नाही" म्हटल्यावर त्याने ते मानलंही. पाच वाजेपर्यंत रंगनाथराव घड्याळाकडे बघत बसले. गप्प बसलं तर एका मुलीच्या कपाळी चोरीचा शिक्का बसत होता. बोललं तर दारावरची घंटा कायमची बंद होत होती. त्यांना भीती वाटत होती, आणि त्या भीतीची लाजही.

पाचला त्यांनी समोरची घंटा वाजवली. दाबक्यांनी दार उघडलं. टेबलावर दोन कप मांडलेले होते.

"चहा नको," रंगनाथराव उभ्यानेच म्हणाले. "पाकिटं सात होती. पाच-पाच जागांच्या फरकाने सात अंदाज. अकरापर्यंत कल कळला की जुळणारं पाकीट उचलायचं आणि निघायचं. कुठल्या पाकिटात काय आहे, ते कितवं तिकीट उलटं त्यावरून ओळखायचं. बरोबर?"

दाबक्यांनी एक कप उचलून परत खाली ठेवला.

"सात लिहिलेले कागद, सात कोरे. भरताना तिसऱ्या पाकिटात दोन्ही कोरे गेले. एका पाकिटाचा धनी ही चूक करूच शकत नाही. टेबलावर एक लिहिलेला कागद उरला की त्याला लगेच कळेल. तुमच्या टेबलावर काही उरलं नाही, कारण तो कागद दुसऱ्याच कुठल्या तरी पाकिटात गेला. बाकीची सहा फोडा. एकात दोन अंदाज सापडतील. चोर नाहीच, यज्ञेश्वरपंत. स्पृहाचं नाव घेऊ नका."

"तुम्ही पोस्टमास्तर होतात," दाबक्यांचा आवाज चिरकला. "न्यायाधीश नव्हे! कुणी सांगितलं होतं एवढं खोल शिरायला?"

"तुम्हीच."

"बाहेर व्हा!"

दार इतक्या जोरात आपटलं की वरच्या मजल्यावरच्या काकू कठड्यावरून वाकून बघायला लागल्या. रंगनाथराव आपल्या घरात आले आणि बराच वेळ दाराला टेकून उभे राहिले. सोमवारी दाबके काय बोलतील, याचा त्यांना अंदाज नव्हता.

६

सोमवारी सातला त्यांनी टीव्ही लावला. पडद्यावर दाबके नेहमीपेक्षा म्हातारे दिसत होते. शेजारी गंधार, पुढ्यात सहा फोडलेली पाकिटं.

"पाकीट कुणीही बदललं नाही," दाबके म्हणाले. "मी दर वेळी सात पाकिटं पाठवत होतो. पहिल्या वर्षी एकच पाठवलं होतं, ते बरोबर निघालं. पुढच्या वर्षी मला धीर झाला नाही. आकडेमोड मात्र खरी असायची. ती एका हुशार मुलीची होती. तिचं नाव मी आज घेणार नाही, कारण आज माझ्या नावाशेजारी कुणाचंच नाव नको." गंधारने काही विचारायच्या आत त्यांनी छातीवरचा माइक काढला आणि ते उठून गेले.

वाहिनीने त्यांच्यासाठी ठरवलेला नवा कार्यक्रम रद्द केला. दुसऱ्या दिवशीच्या पेपरांनी त्यांची सालटी काढली. समोरचं दार बंदच राहिलं. पेपर आणि दुधाची पिशवी बाहेर तशीच पडून होती. स्पृहाचा फोन आला, ती रडत होती आणि आभार मानत होती. रंगनाथराव "बरं, बरं" एवढंच म्हणाले. खरं सांगितलं म्हणून त्यांना वाईट वाटत नव्हतं. पाच वाजायचे होते, म्हणून वाईट वाटत होतं.

पण त्याच मंगळवारी सकाळी अकराला घंटा वाजली. जयसिंग होता.

"साहेब, तुमचं रजिस्टर."

लांबट पाकीट, झाकणावर लाख, अंगठीचा ठसा. अक्षर दाबक्यांचं. रंगनाथरावांनी आधी शिक्का पाहिला: शनिवार. म्हणजे जिन्यात घाम पुसत भेटले, ती दुपार. तिकिटं दोनच होती, दोन्ही सरळ. त्यांनी सही करायच्या आधीच पाकीट फोडलं. नियमात बसत नव्हतं, पण जयसिंगने मान वळवली.

'रंगनाथराव,' आत लिहिलं होतं, 'काल तुम्हाला पिशवी घेऊन बाहेर पडताना पाहिलं, हिंजवडीलाच निघालात हे ओळखलं, आणि रात्री मला झोप लागेना. आज सकाळी उरलेली सहा फोडली. चौथ्यात दोन अंदाज निघाले. चोर मीच, आणि आळ मात्र त्या पोरीवर घेत होतो.

'एक अंदाज देतो. उद्या पाचला तुम्ही माझ्याकडे याल. मी कप मांडून ठेवीन, तुम्ही चहा घेणार नाही. सगळं सांगाल. मी तुम्हाला हाकलून देईन. आप्पासाहेबांनी मला हाकललं, तेच मी शिकलो. पण सोमवारी खरं बोलेन. नाही बोललो, तर हे पत्र पेपरात छापायला द्या. म्हणून तर शिक्का मारून पाठवतो आहे.

'तुम्ही उद्या आलाच नाहीत, तर माझा अंदाज चुकला असं समजा. चुकला तरी चालेल. या वेळी पाकीट एकच पाठवलं आहे.'

रंगनाथरावांनी पत्र दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला.

"साहेब, पोचपावतीवर सही," जयसिंग हळूच म्हणाला. ते कार्ड पाठवणाऱ्याकडे परत जायचं असतं. त्याने मागे बंद दाराकडे बघितलं. "समोरच तर राहतात. सही केलीत की देऊनच टाकू का?"

"नाही. दार उघडणार नाहीत ते. रीतीने जाऊ दे. शिक्का बसून, तुझ्या हातून आलं तर घेतील."

त्यांनी सही केली. मग अडतीस वर्षांत कुणालाही करू दिलं नव्हतं, ते केलं. सहीखालच्या मोकळ्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं: 'चहा राहिला आहे. पाच वाजता.'

जयसिंगने कार्ड पिशवीत टाकलं आणि तो जिना उतरला. पोस्टात जाऊन, शिक्का घेऊन, समोरच्या दारापर्यंत पोचायला त्या कार्डाला दोन दिवस लागणार होते. रंगनाथरावांनी हिशेब केला. गुरुवार. त्यांनी दुसरा कप मांडणीवरून खाली काढला आणि धुऊन पालथा घातला.